चिठ्ठीत न आलेली ओळ

ये, जवळ बस जरा. हो, तुलाच म्हणतेय, प्राची. तू पुण्यात आहेस आणि मी चंद्रपुरात, तरी बस. आणि तो हातातला फोन खाली ठेव, मावशी बोलत असताना त्यात बघायचं नसतं, हे तुझ्या आईनं शिकवलं नसेल तर मी शिकवते.

मागच्या रविवारी तू काय म्हणालीस आठवतं? मी सहज विचारलं, तुमच्या कंपनीत नवी आवृत्ती निघाली की बदलांची यादी कोण लिहितं? तू हसलीस. ‘मावशी, चेंजलॉग कोण वाचतं गं? तो आपोआप बनतो.’ मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं रेंज गेली. रेंज शाबूत होती. मला राग आला होता. दिवाळी अंकवाल्यांनी ‘बाई, नोकरीतलं काहीतरी लिहा’ असं टुमणं कधीपासून मागे लावलं होतं, तेव्हा म्हटलं हेच लिहू. आता चारचौघांत ऐकून घे.

बाकीच्यांसाठी सांगते. प्राची माझी भाची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि मीही होते, हे ऐकून लोक माझ्या नऊवारीकडे बघतात. शिक्षण विचाराल तर बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा. पंच्याण्णवच्या सुमारास टायपिस्ट म्हणून लागले. बस स्टँडच्या मागे, कापडाच्या दुकानावर तीन खोल्या, तेच ऑफिस. मालक विनोदभाऊ. ते प्रोग्राम बनवून विकायचे. मूल तालुक्यातल्या राइस मिलवाल्यांना, लाकडाच्या डेपोवाल्यांना, दोन-तीन डॉक्टरांना. सकाळी गेलं की ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसायचा, फडकं काळं निघायचं, कारण आमच्या गावात कोळशाची धूळ देवाच्या फोटोवरही बसते. वीज आमच्याच गावात तयार होते आणि आमच्याच गावातली जाते, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. लाइट गेली की मी प्रोग्रामिंगचं पुस्तक उघडून बसायची. अशा लाइट गेलेल्या वेळांत मी प्रोग्राम लिहायला शिकले. कोणी शिकवलं नाही.

माझं खरं काम होतं चिठ्ठी. प्रोग्राम एकदा विकला म्हणजे संपला असं नसतं. त्यात चुका निघतात, गिऱ्हाईक नवं काही मागतं, मग आत बदल करावा लागतो. बदललेला प्रोग्राम म्हणजे नवी आवृत्ती. ती सीडीवर घालायची, पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचं आणि पाकिटात एक चिठ्ठी ठेवायची, यावेळी काय बदललं ते सांगणारी. ती चिठ्ठी मी मराठीत, हातानं लिहायची आणि मग झेरॉक्स. उदाहरण देते, एका तपासणी सेंटरवरच्या नर्सबाईंना लिहिलेली: ‘सुमनबाई, आता यादी गावाप्रमाणे छापून येईल. आधी नावाप्रमाणे यायची. बाकी सगळं पहिल्यासारखंच आहे, घाबरू नका.’

ते ‘घाबरू नका’ मी प्रत्येक चिठ्ठीत लिहायची. गमतीनं नाही. खेड्यातल्या सेंटरवरची नर्स सकाळी कॉम्प्युटर उघडते आणि पडद्यावर ओळखीचं काही दिसत नाही, तेव्हा ती कशाला हात लावायलाही धजत नाही, ते मला माहीत होतं. मीही पहिल्या दिवशी धजले नव्हते.

पण चिठ्ठी लिहायची तर आधी समजून घ्यावं लागायचं. प्रोग्राम लिहायचा हेमंत. नागपूरचा, इंजिनिअर, हात वेगवान. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायची.

“काय बदललं रे?”

“काही नाई बाई, किरकोळ.”

“किरकोळ म्हणजे काय?”

“अहो, तुम्हाला नाई समजाचं ते.”

“मले नाई समजलं तर सुमनबाईले कसं समजन? दाखव.”

मग तो कपाळाला हात लावून दाखवायचा. दाखवता दाखवता निम्म्या वेळा त्याचीच चूक त्याला सापडायची. त्या दिवशीचा चहा मग तोच पाजायचा.

पुढे विनोदभाऊंच्या साळ्यानं हैदराबादहून एक फुकटचं साधन आणलं. तुम्ही लोक त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणता. मी त्याला जमाखाना म्हणायची. प्रोग्रामात काही बदल केला की तो तिथं जमा करायचा. जमा करताना ते साधन विचारतं, काय केलंस? एक ओळ लिही. त्या ओळीबरोबर कोणी केलं, कधी केलं, हे सगळं कायमचं राहतं. जुनं पुसलं जात नाही. मला ते फार आवडलं. माणसाला असा जमाखाना असता तर किती भांडणं वाचली असती, असं वाटायचं.

तेव्हा तिथं देवनागरी चालायची नाही. हेमंत इंग्रजी अक्षरांत मराठी ओळी लिहायचा. आणि एक दिवस विनोदभाऊ माझ्या टेबलाशी आले.

“शकुनबाई, हेमंत तिथी ओळी लिवूनच राह्यला ना? मग तुम्ही त्याच पुन्हा काऊन लिवता? दोन दोन दिवस लावता एका चिठ्ठीले. मशीनले काढू द्या ना आपोआप.”

आता इथं मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणायला हवं होतं की भाऊ, मी त्या ओळी उतरवून काढत नाही, मी त्या पोराला प्रश्न विचारते. पण नाही म्हटलं. कारण मला हुरूप आला. मला वाटलं, बारावी झालेली बाई मशीनकडून चिठ्ठी लिहून घेईल! मी महिनाभर खपले. मागच्या आवृत्तीपासून आजपर्यंतच्या ओळी उचलायच्या, तारखा काढून टाकायच्या, एकसारख्या ओळी एकत्र आणायच्या, नंबर घालायचे, छापायच्या. पहिला कागद प्रिंटरमधून खरखरत बाहेर आला तेव्हा मी तो घेऊन खाली कापडाच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला दाखवला. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं चांगलं म्हटलं.

पंधरा दिवसांत मूलच्या मिलवाल्या शेठजींचा फोन.

“शकुनबाई, मी किरकिर करतो?”

“नाई हो शेठजी! कोण म्हनलं?”

“तुमचा कागद म्हणून राह्यला. नऊ नंबरची ओळ. वाचून दाखवू? ‘मूलच्या शेठची किरकिर बंद व्हावी म्हणून बटण मोठं केलं.’”

मला फोन धरवेना. हेमंतनं जमाखान्यात आपसातलं लिहिलं होतं, आणि माझ्या मशीननं ते इमानानं उचलून शेठजींच्या हातात दिलं होतं.

“आणि बाई,” शेठजी म्हणाले, “बटण अजून लहानच दिसते. हेही लिवून घ्या किरकिरीत.”

ऑफिसात हसून हसून पुरेवाट. विनोदभाऊ मात्र हसले नाहीत, त्यांना शेठजींकडे जाऊन बसावं लागलं. मग यावर उपाय काढला. तो मीच काढला, कोणावर ढकलत नाही. ज्या बदलाशी गिऱ्हाइकाचा संबंध नाही, त्या ओळीच्या सुरुवातीला ‘घर’ असा शब्द टाकायचा. घर म्हणजे घरातलं, आपल्यातलं. ‘घर’ दिसलं की माझं मशीन ती ओळ सोडून देणार. चिठ्ठीत येणार नाही.

किती सोपं. किती छान. मीच माझी पाठ थोपटली.

चिठ्ठीत काही छापलं की फोन येतात. ‘हे काय नवीन? हे कसं वापरायचं?’ आणि फोन होता हेमंतच्या टेबलावर. त्याच्या लक्षात आलं की ‘घर’ टाकलं की फोन येत नाही. मग काय! घर, घर, घर. चिठ्ठी बारीक होत गेली. दोन ओळींवर आली. विनोदभाऊ खूश. “पाहा बाई, आपला प्रोग्राम किती पक्का झाला. बदलच लागत नाई आता.”

आणि मी? मी खुर्चीमागे उभी राहणं सोडून दिलं होतं. मशीन होतं ना.

आता मुद्द्याचं. आमच्या गिऱ्हाइकांत एक संस्था होती, गावोगाव सिकलसेलच्या तपासणीची शिबिरं घेणारी. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घरोघरी आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. ज्याला आजार आहे तो पीडित, त्याचे सांधे दुखतात, रक्त कमी पडतं, जपावं लागतं. ज्याच्यात अर्धाच गुण आहे तो वाहक, त्याला स्वतःला काही होत नाही. पण वाहकाचं वाहकाशी लग्न झालं तर लेकरं पीडित निघू शकतात. म्हणून आमच्याकडे सोयरिकीत हल्ली कार्डं बघतात. संस्थेची तीन कार्डं होती. पांढरं म्हणजे काही नाही, पिवळं वाहक, लाल पीडित. आमचा प्रोग्राम गावाची यादी छापायचा, नावापुढे नंबर असायचा, आणि नंबर पाहून नर्स हातानं कार्ड लिहून द्यायची. शून्य पांढरं, एक पिवळं, दोन लाल, असं मी चिठ्ठीत लिहून दिलं होतं.

संस्थेनं मागणी केली की ज्यांची दुसरी तपासणी बाकी आहे त्यांच्यासाठीही नंबर हवा. हेमंतनं काय करावं? सरळ शेवटी तीन हा नवा नंबर जोडायचा होता, संपलं. यानं शून्य नंबर ‘तपासणी बाकी’ला दिला आणि बाकीचे सगळे एकेकानं पुढे सरकवले. एक पांढरं, दोन पिवळं, तीन लाल. त्याला तसं ते ‘सुसंगत’ वाटलं. जमाखान्यात ओळ लिहिली: ‘घर: प्रकाराचे नंबर नीट केले.’

माझ्या मशीननं ती ओळ सोडली. सीडी गेली. चिठ्ठीत होतं, ‘छपाईचा वेग वाढवला.’

साधारण दोन महिन्यांनी सिंदेवाहीकडच्या सेंटरच्या सुमनबाई सकाळच्या बसनं ऑफिसात आल्या. सोबत एक पोरगी, वीस-बावीसची, करुणा. जयभीम झालं, पाणी दिलं. करुणानं पिशवीतून लाल कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“बाई,” ती म्हणाली, “शिबिराच्या डॉक्टरनं मले तोंडी सांगितलं होतं, तू वाहक आहेस. मंग कार्ड लाल कसं आलं? गोंडपिपरीकडची सोयरिक होती माही. तारीख पक्की झाली होती. कार्ड पाह्यलं अन् त्याहीनं निरोप धाडला, नाई म्हणून.”

सुमनबाईंचा आवाज चढला. “यादीत दोन होतं. दोन म्हणजे लाल. शकुनबाई, तुमच्याच हातची चिठ्ठी आहे, भिंतीले चिकटवली आहे मी. काही लोकाइले तीन आलं तेव्हा फोनही केला मी इथी. तीन म्हणजे का? तर फोनवरचा म्हणे, तीन म्हणजे पेशंट. मले वाटलं, दोन पीडित अन् तीन त्याहून जास्त पीडित.”

मी कॉम्प्युटर उघडला. करुणाच्या नावापुढे दोन. आणि दोनच्या अर्थाच्या जागी: वाहक.

हेमंत मागे येऊन उभा होता. मी विचारलं, हे कधी केलं?

“मी टाकली होती ना ओळ.”

ओळ काढली. सगळ्यांसमोर वाचली.

“यात ‘घर’ काऊन टाकलं?”

“बाई, बाहेर टाकलं असतं तर सगळ्या सेंटरचे फोन आले असते.”

मी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. त्या दिवशी उगारला होता, सुमनबाईंनी धरला. अरे, फोन यायलाच पाहिजे होते! दिवसभर फोन वाजायला पाहिजे होता! एका चिठ्ठीत एक ओळ, ‘नंबरांचे अर्थ बदलले आहेत, भिंतीवरची जुनी चिठ्ठी काढून टाका’, एवढं लिहायला काय लागत होतं त्याला? काय लागत होतं मला?

करुणा रडली वगैरे नाही. तिनं एवढंच विचारलं, “मंग हे लेखी देता का? मी वाहक आहे असं?”

मी विनोदभाऊंच्या खोलीत गेले. ते म्हणाले, “तोंडी सांगा ना बाई. लेखी कशाले? संस्थेनं उद्या काम काढून घेतलं तर सगळ्याइचीच पोटं आहेत.”

“भाऊ, त्या पोरीचं लगन मोडलं.”

“मोडलेलं लगन आपल्या कागदानं थोडीच जुडते?”

या वाक्याचा राग मला इतक्या वर्षांत उतरला नाही. त्यांचं म्हणणं खरं निघालं म्हणून तर अजूनच नाही.

ऑफिसचा शिक्का माझ्याच कप्प्यात असायचा. मी पत्र हातानं लिहिलं. काय झालं, कोणाच्या चुकीनं झालं, करुणा वाहक आहे, पीडित नाही. चूक करणाऱ्यांत माझं नाव पहिलं लिहिलं. शिक्का मारला. विनोदभाऊंना विचारलं नाही. आणि सुमनबाईंना घेऊन दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीची बस पकडली. करुणाला म्हटलं चल, ती म्हणाली, “मी काऊन येऊ? चूक माही नाई.”

गोंडपिपरीच्या पुढे आत, नदीकडच्या गावात ते घर. मुलाच्या वडिलांनी खाट टाकली, चहा सांगितला, चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मुलगा दाराशी उभा, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत.

“बाई, तुम्ही खोटं नाई बोलत, दिसून राह्यलं,” ते म्हणाले. “पण मागचा कागदही तुमच्याच ऑफिसच्या यादीवरून निघाला होता ना? तोही खराच होता म्हणे. मी कोणता धरू?”

“भाऊ, हा धरा. पाहिजे तर पुन्हा तपासून घ्या तिले, मी सोबत येते.”

“आता उपयोग नाई. मंगळवारी दुसरीकडे जमलं पोराचं, साक्षगंध झाला.” चष्मा काढून त्यांनी पत्राची घडी घातली आणि मला परत दिली. “आठ दिवस आधी यायले पाहिजे होतं, बाई.”

मी मुलाकडे पाहिलं. म्हटलं, तुले काही बोलायचं आहे? तो आत निघून गेला.

येताना वाट वाकडी करून सिंदेवाहीला करुणाच्या घरी गेले. तिला न सांगता कशी राहणार? ती अंगणात सुपात धान पाखडत होती. मी सगळं सांगितलं, पत्र तिच्या हातात दिलं. आई तिची पदर तोंडाला लावून बसली. करुणानं सूप खाली ठेवलं.

“बाई, एक विचारू? मी खरंच लाल कार्डाची असती, तर तुम्ही बस पकडून गेल्या असत्या काय?”

मी पिशवी उचलायला वाकले.

“आमच्या गावात तिघी आहेत लाल. खऱ्या. त्याइच्यासाठी कोण जाते गोंडपिपरीले?”

मी माझ्या मनाशी धरून चालले होते की मी न्याय मागायला गेले होते. त्या पोरीनं दोन वाक्यांत सांगितलं की मी फक्त चूक दुरुस्त करायला गेले होते. लाल कार्ड म्हणजे आयुष्य संपलं, हे मीही त्या मुलाच्या बापासारखंच गृहीत धरलं होतं.

परत आल्यावर मी प्रत्येक सेंटरला चिठ्ठी लिहिली, हातानं, विनोदभाऊ बघत असताना. नंबर जुने करायला लावले. सगळी कार्डं तपासून बदलली, त्याला उन्हाळा गेला. मशीन ठेवलं, पण ‘घर’ काढून टाकलं, आणि मशीननं गोळा केलेली एकेक ओळ मी हेमंतच्या मागे उभी राहून विचारल्याशिवाय बाहेर जाऊ दिली नाही. तो चिडायचा. चिडू दे. वर्षभरात तो हैदराबादला गेला, मोठा झाला म्हणतात. नोकरी मी सोडली नाही. घरी दोन पोरं शिकत होती. सोडायला हवी होती का, हा प्रश्न मी रिटायर होईपर्यंत रोज जिना चढताना स्वतःला विचारला.

करुणा पुढे त्याच संस्थेत लागली. शिबिरात टेबलाशी बसते. प्रत्येकाला त्याचा निकाल मोठ्यानं वाचून दाखवते आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेते, मगच कार्ड हातात देते. नंबर ती कोणाला सांगतच नाही. लाल कार्डवाल्या पोरींच्या घरी, त्यांच्या सोयरिकीच्या बोलणीला ती स्वतः जाऊन बसते, भांडते. तिनं लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “झालं नाई म्हणा की केलं नाई म्हणा, तुमच्या मशीनले दोन्ही सारखंच.” आणि मला चहा दिला. अजूनही देते.

तर प्राची, चेंजलॉग कोण वाचतं, हे तू मला फोनवर सांगू नकोस. ये इकडे. सुट्टी नाही, कामं आहेत, हे मी दोन दिवाळ्या ऐकतेय. चंद्रपूरला उतर, एक रात्र माझ्याकडे राहा, सकाळच्या बसनं आपण सिंदेवाहीला जाऊ. करुणाला मी सांगून ठेवलं आहे तू येणार म्हणून. तिनं विचारलं, काय करते भाची? मी सांगितलं. ती म्हणाली, “येऊ द्या तिले. मले विचाराचं आहे, त्याइचं मशीन कोणत्या ओळी सोडते.”

लवकर ये बाई.